यासिरच्या मागचे दोघं

कमरेला लटकलेली ती लाल कापडी फीत अजून तशीच होती — सरळ, कोरी, कुणाचं बोट न लागलेली — आणि दयानंदच्या मते यासिरबद्दल आणखी काही लिहायची गरजच नव्हती. हा फुटबॉल लाथेचा नव्हे, हातांचा. एकाने बॉल फेकायचा, लांब पळालेल्याने झेलायचा, समोरच्यांनी झेलणाऱ्याच्या कमरेची फीत ओढून त्याला थांबवायचं. ज्याची फीत सकाळभर कुणी ओढत नाही त्याच्या हातात बॉल आलेला नसतो, आणि ज्याच्या हातात बॉल येत नाही तो... तो दर शुक्रवारी आखातातल्या उन्हात खाबुऱ्याहून दीडशे किलोमीटर गाडी हाकत अल खौदला नेमका येतो कशाला?

सोहारच्या स्पर्धेला दहाच नावं द्यायची होती आणि खेळणारे अकरा होते. गाळायचा अकरावा कोण, हे ठरवायला सगळ्यांनी दयानंदला नेमलं, कारण तो निःपक्षपाती होता. म्हणजे त्याला खेळ कळत नव्हता. शिवाय अझैब्याच्या कारखान्यात बावीस वर्षं तो माणसांचे अप्रेझल फॉर्म भरत आलेला. तसाच एक फॉर्म त्याने इथेही आखला. गेल्या काही शुक्रवारांचे मिळून अजिंक्यचे झेल चोवीस, जहूरचे सोळा, यासिरचे तीन, त्यातला एक छातीवर आपटून अडकलेला. शेरा : प्रयत्न प्रामाणिक, निष्पत्ती नाही. हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. चांगलं वाक्य होतं.

मध्यंतरात कागद बघून कॅप्टन आदिलने यासिरला बसायला सांगितलं — सांगताना बुटाची नाडी बांधत राहिला — आणि यासिर ‘चालेल’ म्हणून दयानंदच्या शेजारी कट्ट्यावर येऊन बसला. संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं होतं. कळवण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

मग अजिंक्य पळाला. सकाळभर वाऱ्यासारखा सुटत होता तसाच पळाला, पण बॉल आला तेव्हा त्याच्याभोवती तीन माणसं होती. पुढच्या खेपेलाही तीन. जहूरकडे फेकला तर तिथेही गर्दी. दयानंदला वाटलं, समोरच्यांनी माणसं वाढवली. त्याने मोजली — सात. पुन्हा मोजली. सातच. मग सकाळी हे दोघे होते कुठे?... होते की. पार त्या टोकाला, कुंपणाजवळ, जिथे बॉल कधी जातच नव्हता आणि म्हणून त्याची नजरही — तिथे ते यासिरच्या मागे धावत होते.

गावी, आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापणीचं लांब जाळं ओढायचे तेव्हा काही माणसं दोराला शिवायचीसुद्धा नाहीत. कंबरभर पाण्यात उभी राहून नुसते हात आपटायची, मासळी उघड्या बाजूने निसटू नये म्हणून. वाटे घालताना त्यांचाही वाटा पडायचा. ह्यांनी काय केलं, असं लहानग्या दयानंदने विचारलं होतं, आणि बापाने त्यांतला एक वाटा उचलून त्याच्याच हातात दिला होता — जा, नेऊन दे त्यांना.

‘‘यासिर, तुला माहीत होतं?’’

‘‘काय, दयाभाई?’’

‘‘ते दोघं मागे येतात ते.’’

यासिर मैदानाकडेच बघत होता. ‘‘पायांवरून समजतं ना. एकाचा आवाज वेगळा, दोघांचा वेगळा. दोन आले की मी आणखी लांब जातो. बरं वाटतं.’’

बरं वाटतं! हातात काही येणार नाही हे ठाऊक असताना, ऐन उन्हात, मागची पावलं मोजत... ह्याला दयानंदच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

कारखान्यातला धनंजय रोज सकाळी अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, भांडायचा. पंख्यावरून, पाण्यावरून, कशावरूनही. अर्बाबचा सगळा संताप तिकडे जायचा आणि दयानंदच्या मुकाट चिठ्ठ्या — रजेच्या, बायकोच्या, म्हणजे प्रेमाच्या, व्हिसाच्या — न वाचता सही होऊन परत यायच्या. आपल्या गोड स्वभावाचं फळ, असंच तो समजत आलेला. सहा वर्षांपूर्वी धनंजयचा फॉर्म त्यानेच भरला, आणि धनंजयची नोकरी गेली. त्यानंतर अर्बाब एकाएकी चिडका झाला. वयामुळे, असं दयानंद प्रेमाला सांगायचा...

‘‘दयाभाई, फायनल टाका ना ग्रुपवर,’’ आदिल मैदानातूनच ओरडला, ‘‘खलास करून टाकू.’’

दयानंदने फोन काढला, पण यासिरचं नाव त्याच्याने लिहवेना. समोर सात माणसं अजिंक्य आणि जहूरच्या मागे धावत होती आणि त्यांच्या पावलांचा आवाज एकमेकांत मिसळून जात होता. त्याने कान देऊन तो सुटा करायचा प्रयत्न केला. एक की दोन, त्याला काही कळेना. बावीस वर्षं माणसांना एक ते पाचमध्ये बसवणारा तो, नकळत वीतभर बाजूला सरकला — कट्ट्यावर जागा भरपूर होती तरी — वडीलधाऱ्या माणसाला द्यावी तशी यासिरला जागा करून देत.