कापलेला कोपरा

लेकीने प्रदर्शनातल्या पहिल्या फोटोखालची पुठ्ठ्याची पाटी वाचली आणि तिचं डोकंच सणकलं. छायाचित्रकार म्हणून बाबांचं नाव! दुसरी पाटी, तिसरी पाटी, तेच. बाबा देवमाणूस होते, पण कॅमेरा हातात आला की समोरच्यांची मुंडकी उडवायचे. स्टुडिओ त्यांच्या नावाचा, गप्पा त्यांच्या. फोटो मात्र आईचे.

"आई, पाट्या वाचल्यास?"

ऐंशीची आई मांडीवर पर्स घेऊन बाकावर बसली होती. "वाचल्या. फोटो छान मोठे केलेत."

एवढंच! लेकीला आईचाही राग आला. जन्मभर राबायचं हिने आणि मिरवायचं दुसऱ्याने.

तिने संग्रहालयाच्या साहेबांना गाठलं. "हे सगळे फोटो माझ्या आईने काढलेत."

साहेब गोड हसले. "ताई, निगेटिव्हच्या पाकिटांवर शिक्का तुमच्या वडिलांचा आहे. दुसरा काही पुरावा?"

"आहे ना! निगेटिव्ह धुतली की आई नखं कापायच्या कात्रीने तिचा उजवा कोपरा छाटायची. बाबांच्या निगेटिव्हचे कोपरे शाबूत असायचे. तो छाटलेला कोपरा फोटोत काळा येतो. हा बघा..."

तिचं बोट हवेतच राहिलं. एकाही फोटोला काळा कोपरा नव्हता.

"अहो, ते फाटके कोपरे!" साहेबांचा चेहरा खुलला. "दोन महिने संगणकावर बसून एकेक भरून काढला आम्ही. कळतसुद्धा नाही!"

"चाळीसच्या चाळीस निगेटिव्ह नेमक्या त्याच कोपऱ्यात फाटल्या, आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?" लेकीचा आवाज दालनभर घुमला. "तिची सही पुसलीत आणि वर पुरावा मागताय? चोराच्या उलट्या बोंबा!"

"पाट्या छापून झाल्यात. तुम्ही अर्ज द्या, पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी बघू."

संतापाने लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ऐंशी वर्षांच्या बाईला पुढचं प्रदर्शन कुठलं?

तेवढ्यात मागे कच्चकन आवाज झाला. बाक रिकामा होता. पहिल्या पाटीचा उजवा कोपरा फरशीवर पडला होता, आणि पर्समधली ती जुनी कात्री घेऊन आई दुसऱ्या पाटीकडे निघाली होती.

"आजी, हात लावू नका!" रखवालदार धावला. लेक त्याला आडवी गेली.

"एकोणचाळीस राहिल्यात," आई मागे न बघता म्हणाली. "त्याला जरा थोपवून धर."