वहिनीचा आवाज कुठे गेला

घरात मला सगळे फौजदार म्हणतात, कारण प्रत्येक गोष्टीत नाक खुपसल्याशिवाय मला राहवत नाही. वहिनीचा आवाज गेला तेव्हा तो शोधायला अर्थातच मी निघाले.

वहिनी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत बसून ती "थांबा हं, जोडून देते" असं म्हणायची की पलीकडच्याचं निम्मं दुखणं तिथेच पळावं. मग तिच्या जागी यंत्र आलं. एक दाबा, दोन दाबा. त्या संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुंटीला अडकवून झोपली आणि सकाळी तिच्या तोंडून नुसती हवा यायला लागली.

दादाने गुळण्यांचा सपाटा लावला. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. "घसा ठणठणीत आहे," ते म्हणाले. "नोकरी गेल्याचा धक्का आहे. आवाज लवकर परतला तर बरं, नाहीतर असंच राहायची सवय लागते." दादाला ते पटलं नाही. मला मात्र चैन पडेना. ठणठणीत घशातला आवाज जातो कुठे?

शनिवारी आम्ही दोघी मटार सोलत असताना घरचा फोन वाजला. वहिनीने सवयीने उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही, राँग नंबर. आपल्याला कोण हवंय?" फोन ठेवून माझ्याकडे वळली, तर परत नुसती हवा. तीही माझ्याइतकीच चक्रावली.

मी चपला अडकवल्या, खाली जिन्यात गेले आणि मोबाइलवरून घरी फोन लावला.

"नमस्कार, बोला," वहिनी म्हणाली.

मी आवाज जाड केला. "इस्पितळात एक ऑपरेटर होत्या. त्या कुठे गेल्या?"

विचारून बसले आणि वाटलं, हा आगाऊपणा अंगाशी येणार. होता तेवढा आवाजही गेला, तर दादाला काय तोंड दाखवू?

"त्यांना काढलं," वहिनी म्हणाली. "निरोपसुद्धा शिपायाच्या हाती. एवढी वर्षं सगळ्यांना जोडून दिलं, पण जाताना त्यांच्याशी कोणी दोन शब्द बोललं नाही."

"त्यांना आता कोणाशी बोलायचंय का?" जाड आवाज माझ्याच्याने टिकवेना.

"हो. फौजदारांशी. वर या."

वर गेले तर रिसीव्हर तिच्या कानालाच होता. मी शेजारी बसले. माझ्याकडे बघत ती रिसीव्हरमध्ये रडत रडत बोलत राहिली, म्हणून मीही मोबाइल कानावरून काढला नाही. दादा घरी आला तेव्हा आम्ही दोघी एकाच सोफ्यावर बसून एकमेकींशी फोनवर बोलत होतो.