ह्यांचं ‘नाय’

“कोंडाजी, तुम्हाला नोकरी करायची आहे ना?” साहेबांनी विचारलं.

“नाय,” हे म्हणाले.

साहेबांनी लगेच लिहून घेतलं. बाहेरच्या बाकड्यावर आम्हाला दोन तास बसवून ठेवलं, तेव्हा त्यांना काही घाई नव्हती. आता पेन कसं सरसर चाललं.

“साहेब, ते खोडा,” मी म्हणाले. “हे हो म्हणाले.”

“मावशी, मला ऐकू येतं.”

“तुम्हाला येतं हो ऐकू. ह्यांना बोलता येत नाय. तोंडात एवढा एकच शब्द राहिलाय. दवाखान्याच्या कागदात लिहिलंय, वाचा ना.”

कागद त्यांच्या समोरच होता. त्यांनी तो वाचला नाही, त्यावर मोबाइल ठेवला. ह्या माणसाला मी साहेब म्हणते ती फक्त तोंडाची सवय.

कोंडाजी माझे यजमान. अंबडच्या ह्या कारखान्यात बावीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होते. सात महिन्यांपूर्वी कामावरून येताना पाथर्डी फाट्याजवळ गाडी घसरली आणि डोक्याची डावी बाजू दुभाजकावर आपटली. हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेलं होतं. त्यावरून मी अजून भांडते. तेवीस दिवस दवाखान्यात होते. उजवा पाय सुधारला, हात सुधारला, बोलणं तेवढं आलं नाही.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडात धरून डाग दाखवला. म्हणाले, “ह्यांना कळतंय सगळं. हातातलं कामही गेलेलं नाही. तुमच्या कारखान्यात स्टोअर असतं ना? तसं समजा. आत माल सगळा आहे, पण काहीही मागा, खिडकीवरचा माणूस एकच पाना काढून देतोय.” मान हलवायला सांगितली तर तीही भलतीकडेच हलायची. लिहायला दिलं तर फक्त सही यायची, बावीस वर्षं हजेरीपटावर केलेली, जशीच्या तशी. बोलणं हळूहळू सुधारेल, पण माणसांत आणि कामात ठेवा, घरी बसवून ठेवू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. बसून करायचं काम देता येईल, असं लिहूनही दिलं. म्हणूनच मी आले होते. स्टोअरच्या खिडकीत बसवा, एवढंच माझं मागणं होतं. हत्यारं काढून द्यायची आणि परत जागेवर लावायची, त्याला कुठं भाषण करावं लागतं?

नेमका ‘नाय’च का राहिला, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. मला मात्र तो शब्द मनाला फार लागतो. बावीस वर्षांत हा माणूस कारखान्यात कुणाला नाही म्हणाला नव्हता. रविवारी या म्हटलं की “हो साहेब”. दुसऱ्याची पाळी करा म्हटलं की “हो साहेब”. एका वर्षी चौदा एप्रिललासुद्धा गेले आणि मी पोरीला कडेवर घेऊन एकटीनं मिरवणूक पाहिली. त्या संध्याकाळी मी ताट आपटून म्हणाले होते, “एकदा तरी नाय म्हणा हो त्यांना!” आता दुसरं काही म्हणताच येत नाही.

ह्या शब्दानं माणसंही तोडली. माझी भावजय भेटायला आली होती. निघताना दारात उभी राहून रीतीप्रमाणे म्हणाली, “येऊ का, दाजी?” हे म्हणाले, “नाय.” तिचा चेहरा पडला. मी मागे धावत जाऊन समजावलं, तरी ती त्यानंतर पायरी चढलेली नाही. जिला एवढंही समजून घेता येत नाही तिनं येऊही नये.

घरात आम्ही तोंड ऐकतच नाही, हात बघतो. चहा घेता का विचारलं की “नाय” म्हणतात आणि कप ओढून घेतात. नको असला की बोटानं बशी लांब सारतात. मला आणि आमच्या मनालीला आता त्याचं काहीच वाटत नाही.

“साहेब, उलटं विचारून बघा,” मी म्हणाले. “नोकरी सोडायची का, असं विचारा.”

त्यांनी खुर्चीत रेलून, गंमत बघितल्यासारखं विचारलं, “कोंडाजी, नोकरी सोडायची का?”

“नाय,” हे म्हणाले.

“लिहा आता हेपण,” मी म्हणाले.

“म्हणजे करायचीही नाही आणि सोडायचीही नाही. मावशी, ह्याला डोकं ठिकाणावर नसणं म्हणतात. असा माणूस मी मशीनच्या जवळपास ठेवू? उद्या काही झालं तर?” मग दाराकडे बघून म्हणाले, “सावळीराम, तुम्ही सांगा. तुम्ही तर ह्यांचे जोडीदार.”

सावळीराम इतका वेळ दाराशी हात मागे बांधून उभा होता. त्याला साक्षीदार म्हणून सही करायला बोलावलं होतं. पंधरा वर्षं हा ह्यांच्या शेजारच्या बाकावर होता. कारखान्यात आला तेव्हा धड कानस धरता येत नव्हती, ह्यांनी हाताला धरून शिकवली. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी रोज ह्याच्या पोटात गेली आहे. मला वाटलं, आता तरी हा बोलेल.

“वहिनी, साहेब म्हणत्यात ते बरोबर हाय,” तो फरशीकडे बघत म्हणाला. “भाऊला आता आराम पायजे.”

“आराम? डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं का?”

“माझ्या हातात काय हाय, वहिनी?”

“सही हाय तुमच्या हातात!” मी ओरडले. बाहेरच्या टेबलावरची मुलगी वळून बघू लागली. बघू दे.

साहेबांनी ड्रॉवरमधून दोन कागद काढले. ते आधीच टाइप करून ठेवलेले होते. ‘मी माझ्या प्रकृतीच्या कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ म्हणजे हे विचारणं, लिहून घेणं, सगळं नाटक होतं. कागद जोडायला त्यांनी स्टेपलर दाबला, तर पिन अडकली. पुन्हा दाबला, टेबलावर आपटला, तरी काही नाही.

ह्यांनी हात पुढे केला आणि स्टेपलर काढून घेतला. उघडून नखानं मोडकी पिन उचकटली, आतली पट्टी मागे ओढून सोडली, एकदा दाबून आवाज ऐकला आणि परत दिला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. काम चोख झालं.

“बघा,” मी म्हणाले, “ह्यांचं डोकं ठिकाणावर नाय?”

त्याच स्टेपलरनं साहेबांनी राजीनाम्याचे कागद जोडले आणि ह्यांच्यापुढे ठेवले. माझ्या अंगाची आग झाली.

“इथं सही करायची. करणार ना?”

“नाय.”

साहेब माझ्याकडे बघून हसले. “तुम्हीच म्हणालात ना, मावशी? ते नाय म्हणाले म्हणजे हो. घ्या पेन, कोंडाजी.”

माझ्याच शब्दात मला पकडलं. तोंड उघडलं, पण काय बोलू ते सुचेना. आता ह्यांच्यासारखीच माझीही गत झाली होती. पेन ह्यांच्या बोटांत दिलेलं होतं आणि सही तर ह्यांना झोपेतही आली असती. मी ह्यांच्या हाताकडे बघत राहिले.

ह्यांनी पेनला टोपण लावून ते बाजूला ठेवलं. कागद जवळ ओढले. कोपऱ्यातली पिन नखानं उचकटून सावकाश बाहेर काढली, कागद कुठं फाटणार नाही असं बघून. दोन्ही कागद वेगळे केले, कडा जुळवल्या आणि साहेबांच्या बाजूला सारले.

“नाय,” हे म्हणाले.

ह्या खेपेला मी कुणाला काही समजावलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. मी मोबाइल उचलून त्याखालचा दवाखान्याचा कागद साहेबांच्या हाताखाली सरकवला. म्हटलं, “सही मिळायची नाय. सोमवारी हे कामावर येतील. गेटवर अडवायचं असलं तर कारण लिहून द्या.” आणि आम्ही उठलो.

गेटपाशी पोचलो तोवर सावळीराम मागून धावत आला. धाप लागली होती.

“भाऊ, माझ्यावर राग नाय ना?”

“नाय,” हे म्हणाले.

सावळीरामला हायसं वाटलं. मग तो एकदम थबकला आणि माझ्याकडे बघू लागला.

“वहिनी, हे कोणतं नाय म्हणायचं?”

“पंधरा वर्षं शेजारी उभे होता,” मी म्हणाले. “ओळखा तुम्हीच.”

रिक्षात बसल्यावर ह्यांनी मूठ उघडली. राजीनाम्याची पिन हातातच होती. अंबडपासून घरापर्यंत हे ती दोन बोटांत धरून सरळ करत होते.