मेलेल्या बिशपची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी सनद आहे आणि आता अगदी थकले आहे. इंग्लंडच्या एका राजाने मठ बांधायला जमीन दिली, असं माझ्या कातड्यावर लिहिलं आहे. एका हौशी श्रीमंताने मला विकत घेऊन न्यू जर्सीतल्या एका कॉलेजला देऊन टाकलं. तेव्हापासून जो येतो तो भिंग लावून विचारतो, "खरी की खोटी?" बाई गं, नाकी नऊ आले नुसते!

२००६ साली रुही आली. तिथल्याच आयसेलिन गावात वाढलेली मुलगी. मी खरी आहे, यावरच तिची सगळी पीएचडी उभी होती. इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं. माझा जीव तुटायचा, कारण मी खोटी होते.

खरी सनद आगीत जळाली होती. पुढे एक जमीनदार मठ बळकावायला आला. लेखी पुरावा नसता तर सगळे मठवासी रस्त्यावर आले असते. म्हणून एका म्हाताऱ्या मठवाशाने घाईघाईने मला लिहिलं. त्या मठात दिवंगत बिशपांची नावं रोज प्रार्थनेत घेत. त्याच्या तोंडात तीच बसलेली. राजाचे साक्षीदार लिहिताना त्याने असा एक बिशप घातला, जो तो राजा गादीवर येण्याआधीच वारला होता!

काही वर्षांनी एका दुपारी रुहीचं बोट त्या नावावर थांबलं. तिने पुस्तकात सालं ताडून पाहिली आणि पितळ उघडं पडलं. तिने बाहेर जाऊन आईला फोन लावला. दार उघडंच होतं, फोनमधला आईचा आवाजही मला ऐकू येत होता.

"आई, इट्स फेक. सगळं गेलं."

"अगं, पण कुणाला कळलंय का? इतकी वर्षं घातलीस. सबमिट करून टाक!"

"मला कळलंय ना, आई."

ती रडली, पण खरं तेच लिहून दिलं. तिची स्कॉलरशिप बंद झाली. मला काचेच्या कपाटातून काढून तळघरात न्यायचं ठरलं.

जायच्या दिवशी रुहीनेच मला खोक्यात ठेवलं. झाकण लावताना ती हळूच म्हणाली, "कोणाला वाचवत होतीस गं तू?"

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण एवढ्या शतकांत हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. एखादी जुनी वस्तू खोटी म्हणून टाकून द्याल, तेव्हा तिलाही एवढं विचारा.