हात वर केला की

खुर्ची मागे कलायला लागली तशी धाकटी ताडकन उठून बसली. गळ्याशी लावलेला कागदी रुमाल तिच्या मुठीत चुरगळला होता.

"मी अजून काहीच केलं नाही," दातांचे डॉक्टर म्हणाले. आवाजात कुरकुर नव्हती.

दाढेने तिची झोप उडवली होती. शाळेत गणित शिकवताना ती एका हाताने गाल दाबून धरायची. शेवटी थोरलीने तिला ओढूनच इथे आणलं. बाई डॉक्टर हव्यात असं धाकटीने आधीच सांगून ठेवलं होतं, पण त्या ऐन वेळी रजेवर गेल्या. पोरांना शिकवतेस आणि इंजेक्शनला घाबरतेस, असं म्हणून थोरली बाहेर हसलीसुद्धा.

सुईची भीती नव्हतीच. लहानपणी सुट्टीत राहायला येणारे काका तिच्याशी नको ते करताना तिच्या तोंडावर तळहात दाबून धरत. तिने आईला सांगितलं. आईने काकांचं येणं बंद केलं आणि ही गोष्ट कुणाजवळ, अगदी ताईजवळही काढायची नाही, असं बजावलं. तिने ती काढली नाही. पण अजूनही कुणाचा हात चेहऱ्याजवळ आला की तिचा श्वास अडकायचा. नवऱ्यालाही ती गालाला हात लावू देत नसे. गुदगुल्या होतात म्हणे.

डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले. कसली भीती वाटते, हे विचारलं नाही. खुर्ची तुम्हाला चालेल तेवढीच मागे घेऊ, म्हणाले.

"नको वाटलं की हात वर करा. मी थांबेन. कारण सांगायची गरज नाही."

नवे हातमोजे घातलेली त्यांची बोटं ओठांना लागताच तिचा हात वर गेला. ते थांबले. तिने मान हलवल्यावरच ते पुन्हा वाकले. सुईच्या वेळीही थांबले. मग गाल पार बधिर झाल्यावर, काहीच दुखत नसताना तिने मुद्दाम हात वर केला. यंत्राची घरघर थांबली. डॉक्टर हात मागे घेऊन उभे राहिले.

तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत गेलं.

ती दाढेखाली कापूस धरून बाहेर आली तेव्हा थोरली पर्स उचलून तयारच होती. उगाच घाबरत होतीस की नाही, असं म्हणत ती जिना उतरू लागली. धाकटीची जीभ जड झाली होती. हात वर केला की ते थांबत होते, एवढंच तिने कसंबसं सांगितलं.

थोरली मधल्याच पायरीवर उभी राहिली. तिने कठडा धरला.

"खरंच थांबले?"

"हो."

"दर वेळी?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. थोरलीने तोंड भिंतीकडे वळवलं होतं आणि कठड्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती.

धाकटीने तिला हात लावला नाही. ती तिथेच पायरीवर बसली, बाजूला सरकून जागा केली आणि वाट बघत राहिली.