औषधाच्या कागदावरची रेघ

सून मला चेष्टेने 'शांतता राखा' म्हणायची. माझा जन्म वाचनालयातल्या त्या पाटीखाली गेला, त्यामुळे घरीही माझं बोलणं मोजकंच. काही सांगायचं असलं की मी वर्तमानपत्रातल्या त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारतो आणि पेपर टेबलावर ठेवतो. 'उद्या पाणी येणार नाही' याखाली रेघ दिसली की सून मुकाट्याने बादल्या भरते. याला संवाद म्हणावं की पळवाट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाळ झालं आणि तिची चेष्टा थांबली. ती त्याला पाजायची, पुसायची, मग भिंतीकडे बघत बसायची. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली, रोज सकाळी एक. महिन्याभरात फरक पडला. एकदा बाळाने भोकाड पसरलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, याला तुमची पाटी दाखवा." मी इतका सुखावलो की चष्मा शोधायच्या निमित्ताने आत निघून गेलो. चष्मा डोळ्यांवरच होता.

मग ती पुन्हा मिटली. झोप होत नसेल, हवा बदलली असेल, अशी कारणं मी स्वतःला पुरवत राहिलो. शेवटी शुक्रवारी फ्रिजवरची गोळ्यांची पट्टी पाहिली. सोमवारी होत्या तेवढ्याच गोळ्या होत्या.

ती सोफ्यावर बाळाला पाजत होती. मी खिडकीकडे तोंड करून विचारलं, "गोळी घ्यायची राहिली का गं?"

"राहिली नाही. बंद केली."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"तुम्ही सांगितलंत."

तिने टेबलाकडे बोट दाखवलं. गोळ्यांच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद तिथे होता. छापलेलं काहीही मला न वाचता सोडवत नाही. 'स्तनपान करणाऱ्या मातांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे औषध घेऊ नये.' वाचून मी धास्तावलो होतो आणि सवयीने रेघ मारली होती. कागद तिथेच राहिला होता.

"अगं, पण तू डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेत होतीस."

"ते मलाही माहीत होतं. पण तुमची रेघ होती ना, बाबा. वाटलं, तुम्हाला तोंडाने सांगवत नसेल. दूध तोडवेना, म्हणून गोळी तोडली."

"तो निरोप नव्हता. मी घाबरलो होतो, एवढंच."

तिने बाळाला खांद्यावर घेतलं. मी म्हणालो, "आजच दवाखान्यात जाऊ. मी येतो, बोलतो."

"तुम्ही बोलणार?"

दवाखान्यात गेल्यावर नाहीच बोलता आलं. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. मी खिशातून वाचनालयाचं एक जुनं कार्ड काढून पुढे सरकवलं. त्यावर तीन प्रश्न लिहिले होते. त्यांनी मोठ्याने वाचले, तेव्हा मी बाळाचं टोपडं सारखं करत होतो.

"दूध चालू ठेवून गोळी घेता येईल का? येईल. ही गोळी दुधात फार थोडी उतरते, म्हणूनच निवडली होती. बाळाकडे काय बघावं? नीट पितंय ना, एरवीपेक्षा जास्त झोपत किंवा चिडत नाही ना, वजन वाढतंय ना. काही वेगळं वाटलं तर मला विचारा, पण मनाने बंद करू नका." मग त्या थांबल्या. "तिसरा प्रश्न, 'चूक कोणाची?' हा माझ्या विषयातला नाही, काका."

"तो आम्ही घरी बघू," सून म्हणाली.

गोळी त्यांनी पुन्हा सुरू करून दिली. मी रोज सकाळी पाण्याचा पेला तिच्याजवळ ठेवू लागलो आणि 'गोळी' हा शब्द तोंडाने म्हणू लागलो. पहिले काही दिवस ती नुसती मान हलवायची. बाळ मात्र पीत होतं, वजनही वाढत होतं.

महिना होत आला तेव्हा एका सकाळी टेबलावर तो कागद पुन्हा दिसला. माझी रेघ खोडरबराने पुसलेली होती. खाली शेवटच्या ओळीला लाल पेनाने नवी रेघ होती: 'हे औषध लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.' आणि समासात तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कागद आजोबांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.'