सात नंबरचा सेट

डोंगराला वणवा लागला आणि पहिल्या तासातच मोबाइलचा टॉवर जळून गेला. तेव्हापासून आग विझवायला वर चढलेल्या अठरा जवानांचे लेखी निरोप त्यांच्याच हातातल्या वायरलेस सेटवरून, एकाकडून दुसऱ्याकडे असे ये-जा करत. पायथ्याच्या शाळेत, व्हरांड्यात लॅपटॉप मांडून बसलेली ऑपरेटर ते सांभाळत होती. तिचा धाकटा भाऊही वरच होता. सात नंबरचा सेट त्याचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. "सगळे ताबडतोब खाली या," तिने निरोप सोडला. पडद्यावर अठराही नंबरांपुढे 'पोहोचला' उमटलं. दुर्बिणीतून पाहिलं, तर वरची तुकडी आग अडवायला आपली निवांत झाडं तोडतेय!

"निघतील गं, दम धर," प्रमुख म्हणाले.

खात्री करायला तिने सगळ्या सेटना साधंच विचारलं, "पाणी किती उरलंय?" खालच्या उतारावरच्या जवानांनी लगेच कळवलं. वरच्यांचा नुसताच 'पोहोचला', आणि तो दर वेळी सात नंबरकडूनच. 'वरचे सगळे माझ्याजवळ आहेत' असं बाकीच्या सेटना सांगून तो सेट निरोप ओढून घेत होता, गिळत होता आणि परस्पर पोच देत होता.

"साहेब, सातला निरोपांच्या वाटेतून वगळते. बाकीचे सेट दुसरी वाट शोधतील."

"सात कुणाकडे आहे, माहितीये ना? त्याला मग काहीच कळणार नाही."

"माहितीये."

तिने बटण दाबलं. दोन मिनिटांनी बारा नंबरचा निरोप उमटला, "निघालो."

"सातला हाक मार. बरोबर घेऊन ये," तिने घाईघाईने टाइप केलं.

"दिसत नाहीये. बघतो."

तासाभराने धुरातून माणसं उतरली. तिने मोजली. सोळा. पुन्हा मोजली. सोळाच. शेवटी बारा नंबरवाला तिच्या भावाला खांद्याचा आधार देत उतरला.

"ताई, सकाळपासून एक निरोप नाही मला!" भाऊ खोकत म्हणाला.

तिने त्याला घट्ट धरलं. मग सेट हिसकावून घेतला. "यात काय टाकलंस?"

"काल पाणी वाटायला एक जण आला होता. हे कार्ड सेटमध्ये घातलं की रेंज वाढते म्हणाला, म्हणून..."

"ओळखीचा होता?"

त्याने मान हलवली. नाही.

"आणखी कुणाच्या सेटमध्ये टाकलं त्याने?"

भावाने खाली बघत चार बोटं वर केली.